डोंगर बंद, बैठक चालू

मी वाई तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. एरवी मी या माइकसमोर बसते ती कर्जाच्या हप्त्यांविषयी, नाहीतर पापड-कुरडयांच्या विक्रीविषयी बोलायला. आज रेडिओच्या ताई म्हणाल्या, "तू डोंगर चढतेस म्हणे. कोरोनात तुमचा क्लब कसा काय टिकला, ते सांग." म्हणून आज हप्त्यांना सुट्टी. अर्थात हिशोब काही सुटणार नाही, तो मध्येच येईल.

आधी मी डोंगरात कशी गेले ते सांगते. आमच्या भागातल्या गिर्यारोहण क्लबचं दरवर्षी उन्हाळ्यात शाळेच्या मुलांसाठी शिबिर असायचं. जेवणाचं काम आमच्या एका गटाकडे होतं. चाळीस पोरांच्या भाकऱ्या थापून झाल्या की आम्ही बायका कड्याखाली बसून पोरं दोराने उतरताना बघायचो. एके दिवशी क्लबचे सर म्हणाले, "बघता काय, या!" बाकीच्या हसल्या. मी पदर खोचला आणि गेले. पाय लटपटत होते, पण उतरले. पुढच्या वर्षी सभासद झाले आणि हिशोब येतो म्हणून दोन वर्षांत खजिनदारही झाले. पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड हे लहानपणापासून लांबून बघितलेले गड. तिशी ओलांडल्यावर त्यांच्या अंगाखांद्यावर गेले.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून लॉकडाऊन. नेपाळने तर त्याआधीच त्या हंगामातली एव्हरेस्टची चढाई बंद केली होती. जिथे एव्हरेस्ट बंद, तिथे आमचा वैराटगड कुठला उघडा राहणार? एप्रिल-मेचं शिबिर गेलं. शिबिराच्या पैशावरच क्लबचं वर्ष निघायचं, म्हणजे वर्षच गेलं. सामानाच्या खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला चढत होतं.

त्यातच एप्रिलमध्ये आमच्या तीन पोरांनी घोळ घातला. घरात बसून कंटाळली आणि पहाटे गुपचूप एका गडावर जाऊन आली. वर फोटो काढून मोबाईलवर टाकले. पायथ्याच्या गावाने रस्त्यावर काट्या आणि ओंडके टाकून वाट बंद केली होती. पोरं शेतातून आडवाटेने गेली. त्या गावात माझे दोन गट आहेत. सकाळी नऊच्या आत गटाच्या अध्यक्षाबाईंचा फोन आला. "मॅडम, तुमची पोरं आमच्या हातची भाकरी खाऊन मोठी झाली. आमच्या गावात म्हातारी माणसं किती आहेत, हे त्यांना माहीत नाही होय?" मला 'मॅडम' त्या कधीच म्हणत नाहीत. राग आला की म्हणतात.

मी मध्येच अडकले. एका बाजूला क्लब, दुसऱ्या बाजूला माझ्या बायका. सरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गावाचं बरोबर आहे. गाव स्वतः बोलावेल तेव्हाच आपण डोंगरावर पाय ठेवायचा." तिन्ही पोरांकडून माफीचं पत्र लिहून घेतलं आणि दंड केला, प्रत्येकी शंभर रुपये. गटात बैठकीला गैरहजर राहिलं की दंड असतो, तो मीच सुचवला. दोघांनी भरला. तिसरा रागावून क्लब सोडून गेला. तो आमचा सगळ्यात चांगला चढणारा होता, हे खरं आहे.

आता डोंगरावर जायचंच नाही, तर गिर्यारोहण क्लबने करायचं काय? जूनमध्ये मी सरांना म्हटलं, "आमच्या गटांची पंचसूत्री असते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. त्यात डोंगर कुठेच नाही. आपण तशी बैठक चालू करू." सर हसले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना निरोप दिला. दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी सात वाजता फोनवर बैठक आणि महिन्याला शंभर रुपये. लगेच कुरकूर झाली, "चढायचं नाही तर वर्गणी कशाची?" ३४ सभासद होते, २६ राहिले. म्हणजे महिन्याला २६०० रुपये. घरमालकांनी भाडं निम्मं करून पाचशेवर आणलं. उरलेल्या पैशातून आम्ही कर्ज द्यायला लागलो. आमचे काही सभासद महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांच्या गाड्या चालवतात. त्यांचं काम पार बसलं होतं. कुणाला दोन हजार दिले, कुणाला तीन. त्या पैशाने कुणाचं घर चाललं असं मी म्हणणार नाही, पण फोन यायचे. हप्ता देता देता माणूस बोलतो, "गाठी विसरायला लागलो बघा" म्हणतो. एकाचे दोन हजार अजून यायचे आहेत. तो ऐकत असेल तर त्याला कळलंच.

गाठींवरून आठवलं. बैठकीच्या शेवटी सर एक गाठ शिकवायचे. आमच्या निम्म्या लोकांकडे साधा फोन, त्यामुळे चित्र नाही, फक्त आवाज. दिसत नसताना गाठ शिकवणं किती अवघड आहे, ते तुम्हीच बघा. हाताशी दोरी असेल तर घ्या, ओढणी असली तरी चालेल. एक टोक उजव्या हातात धरा. ते मूळ दोरीवरून पलीकडे न्या, म्हणजे एक डोळा तयार होईल. तेच टोक आता मूळ दोरीच्या मागून अलीकडे आणा आणि समोरून डोळ्यात घालून ओढा. इंग्रजी आठचा आकडा दिसला पाहिजे. दिसला का? ही गिर्यारोहणातली पहिली गाठ. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधताना हीच गाठ दुहेरी करून घालतात. नाही जमली तर लाजू नका. आमच्या एका सभासदाला चौथ्या बैठकीत जमली आणि तो तेव्हा इतका ओरडला की त्याची आई धावत आली.

हे ऐकायला चार नव्या मुली यायला लागल्या. सगळ्या आमच्याच गटातल्या बायकांच्या लेकी. कॉलेज बंद, घरात फोन एकच, तोही आईचा. आई बैठकीला बसली की मुलगी शेजारी. त्या मुलींना गुरांची दावी बांधायची सवय. खुंट्याला दोर कसा आवळतो ते त्यांना शिकवावंच लागलं नाही. सर म्हणाले, "माझं अर्धं काम तुमच्या म्हशींनी केलंय."

आता एक वाईट गोष्ट सांगते. जूनमध्ये परवानगी घेऊन आम्ही सामानाची खोली उघडली. वासाने डोळे चुरचुरले. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा जिथे तिथे हायपोक्लोराइटची फवारणी चालायची. आमच्याच एका उत्साही सभासदाने मे महिन्यात सगळं सामान भरभरून फवारून ठेवलं होतं. हेतू चांगला होता. पण चढाईचा दोर नायलॉनचा असतो. आत बारीक धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेलं आवरण. ब्लीचने, ॲसिडने तो आतून कमजोर होतो आणि वरून तसाच दिसतो. दोर धुवायचा तर कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि सावलीत वाळवण, बास. तीनपैकी दोन दोर भिजले होते. तिसरा कपाटात होता म्हणून वाचला. सरांनी त्या दोन्ही दोरांना लाल चिंध्या बांधल्या आणि वहीत लिहिलं, 'बाद'.

आणि ऑगस्टमध्ये नेमका निरोप आला. धो धो पाऊस, एक म्हसरं राखणारे काका ओढ्याच्या घळीत घसरलेले, पाय मोडलेला. आमच्याकडे घाट फार. गाडी नाहीतर माणूस दरीत गेलं की पहिला फोन जवळच्या ट्रेकर मुलांनाच जातो. २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हाही स्थानिक ट्रेकर मंडळीच दोर लावून खाली उतरली होती. तर आमचे सहाजण गेले. घाईत कुणीतरी तिन्ही दोर गाडीत टाकले होते. घळीच्या तोंडाशी गावकरी ओरडत होते, "अहो, दोर आहे की हा, लावा ना!" सर लाल चिंधीच्या दोराला हात लावेनात. एका दोरावर सगळं करायचं म्हणजे आधी एकाने उतरायचं, दोर वर घ्यायचा, मग स्ट्रेचर सोडायचं. पाऊण तासाचं काम अडीच तासांवर गेलं. लोकांनी सरांना नको नको ते ऐकवलं. मी वर छत्री धरून उभी होते आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं, लावायला काय हरकत आहे? काका वर आले. आता काठी घेऊन चालतात, म्हशी अजून राखतात. घरी आल्यावर सरांनी ते दोन्ही दोर माझ्यासमोर कोयत्याने तोडले. तुकडे गटातल्या बायकांनी कपडे वाळत घालायला नेले. जानेवारीत वर्गणीतून नऊ हजारांचा नवा दोर घेतला.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली. आशाताईंनी घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा होता. पायथ्याच्या त्याच गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, दोन तासांची खडी चढण. आशाताई माझ्या ओळखीच्या. म्हणाल्या, "एकटीने पावसात जायची भीती वाटते. तुमची पोरं येतील का सोबत?" मी म्हटलं, "गाव येऊ देईल का?" त्या म्हणाल्या, "मी गावच आहे की!" अध्यक्षाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मास्क लावून येऊ द्या, आणि तो माफीवालाही येऊ दे." तीन आठवडे आमची दोन-दोन माणसं, त्यात एक मुलगी नक्की, आशाताईंची पिशवी घेऊन वर जात होती. सोबत बीपीच्या गोळ्या, चहा-साखर, मीठ. वस्तीवरच्या एका आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडाच येईना. बोटं थंडगार आणि कामाने भेगाळलेली. मुलीने आजींचे हात चुलीपाशी धरून शेकले, मग ९६ आला. आजी म्हणाल्या, "आता हे यंत्र ठिवून जा, रोज शेकीन." तो क्लबचा त्या वर्षातला एकमेव डोंगर.

दुसरी लाट आली तेव्हा साताऱ्यात बेड मिळत नव्हते, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर गेले. बारा दिवस दवाखान्यात होते. त्याच दिवसांत साताऱ्याच्या प्रियांका मोहिते अन्नपूर्णा शिखरावर पोचल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. मी सरांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, 'वहीत लिही.' तो त्यांचा मला आलेला शेवटचा मेसेज. शेवटचं दर्शन झालं नाही. पाच मेला बैठक होती. घ्यावी की नाही, मला ठरवता येईना. सात वाजता मी फोन लावला तर एकोणीस जण आधीच वाट बघत होते. कुणी फार बोललं नाही. चार मुलींपैकी एकीने गाठ सांगितली, सरांच्याच शब्दांत, मध्ये 'हं, आता ओढा' सकट. मग मी वर्गणी लिहून घेतली.

त्यांची एक दोरांची वही होती. प्रत्येक दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, कुठे घासला, सगळं त्यात लिहिलेलं. दोर न वापरता ठेवला तरी दहा वर्षांनी बाद करायचा असतो, म्हणून तारखा महत्त्वाच्या. ती वही आता त्या चार मुलींकडे आहे. त्या बोटांनी पूर्ण दोर चाचपून बघतात. कुठे मऊ पडलाय, कुठे फुगलाय, कुठे चपटा झालाय. त्यातली एक आमच्या जुन्या पोरांना नि:संकोच सांगते, "हा नाही वापरायचा." पोरं आधी तोंड वाकडं करायची. आता नाही करत.

डिसेंबरमध्ये अध्यक्षाबाईंचा निरोप आला, "गड कधी करताय? पिठलं-भाकरी आमच्याकडे." आम्ही एकवीस जण गेलो. माफीचं पत्र लिहिलेला एक पोरगा पायथ्याशी जरा मागे मागेच राहिला होता, त्याला त्यांनी हाक मारून आधी वाढलं. जो क्लब सोडून गेला तो आला नाही. मी फोन केला होता.

बैठक अजून पाच तारखेलाच असते, पण आता समोरासमोर, सामानाच्या खोलीत. आयाबाया, मुली, कुणीही या. येताना पाच-सहा हात दोरी आणा, साडीवर आलात तरी चालेल. वर्गणी शंभर रुपये. पहिल्या महिन्याची मी मागणार नाही, दुसऱ्या महिन्याची मात्र सोडणार नाही.