न विचारलेल्या प्रश्नाचं मोजमाप

पत्रिकेवर आजचा विषय ‘कर्करुग्णांची माहितीची गरज’ असा छापला आहे. मी कळवलेल्या विषयात ‘लैंगिक जीवनाविषयीच्या’ असेही शब्द होते. ते छपाईत गळाले की कुणी चांगल्या हेतूनं गाळले, हे मी विचारलं नाही. माझी तक्रारही नाही. आज मला बोलायचं आहे ते या गळण्याबद्दलच.

कर्करोग्याचं जगणं कसं चाललंय हे मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. ती ईओआरटीसी या युरोपीय संशोधन संघटनेची. तिच्यात तीस प्रश्न आहेत आणि ती मराठीतही आहे. लांबवर चालता येतं का, झोप लागते का, भूक आहे का, मळमळतं का, पैशाची ओढाताण झाली का, सगळं विचारलेलं आहे. नवराबायकोच्या संबंधांबद्दल मात्र त्या तिसांत एकही प्रश्न नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला तेवीस प्रश्नांची जी जुनी पुरवणी आहे, तिच्यात तीन आहेत: इच्छा किती होती, संबंध किती आले, आणि आले असतील ‘तरच उत्तर द्या’, सुख किती वाटलं. आता पाहा, आजारामुळेच जिचे संबंध थांबले, ती तिसऱ्या प्रश्नाआधीच बाहेर पडली. तिच्या दुःखाला कागदावर जागा नाही.

दुसरी एक प्रसिद्ध प्रश्नावली केवळ स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यासाठी, २००० साली आलेली, एकोणीस प्रश्नांची. तिच्यात बऱ्याच प्रश्नांना गेल्या चार आठवड्यांत संबंध आले नसतील तर गुण शून्य. नवरा सुरतेला कामाला असला तरी शून्य, बाई विधवा असली तरी शून्य. शून्य म्हणजे बिघाड! मोजणाऱ्यांना हा दोष ठाऊक आहे, त्यावर त्यांनी लिहिलंही आहे. तरी आकडे छापले जातातच.

पण हे झालं बिघाड मोजणं. माहितीची गरज मोजणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली चौतीस प्रश्नांची एक यादी आहे. तिच्यात लैंगिकतेचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यातला एक प्रश्न सरळ असा, की संबंधांविषयी माहिती मिळावी अशी गरज गेल्या महिन्यात किती वाटली. उत्तरं पाच. पैकी पहिली दोन मला फार मोलाची वाटतात: ‘गरज नाही, मला हे लागू नाही’ आणि ‘गरज होती, ती भागली’. दोन शून्यं वेगळी ठेवण्याचं शहाणपण त्या यादीत आहे. पुढे हिशेब करताना पुष्कळदा दोन्ही एकाच रकान्यात ‘गरज नाही’ म्हणून टाकली जातात, ते सोडा. मला आपल्या वऱ्हाडातलं तिसरं शून्य दिसतं. ‘हे का डॉक्टरले विचाराची गोष्ट हाय का?’ असं म्हणणाऱ्या बाईचं शून्य. हेही विचारता येतं हे जिला माहीतच नाही, ती पहिल्या घरात खूण करणार. मग आपण अहवालात लिहिणार, की ग्रामीण स्त्रियांना या माहितीची गरज वाटत नाही.

आपल्या बायका बोलत नाहीत, हे तर ठरलेलं वाक्य. पण तुळजापूरच्या मुलखात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी झाली. बावन्न गावगटांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका तिच्यात होत्या. ज्या गटांत तपासणी होती तिथे बायांना अंगावरची तपासणी करून घ्यायची होती, आणि बहुसंख्य जणी आल्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले: हा रोग ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीच्या, एकदाच केलेल्या चाचणीनं या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शेतमजूर बाई असल्या तपासणीला येते ती कुणीतरी दारात येऊन, तिच्या बोलीत, नीट समजावून सांगतं म्हणून. लाज आहेच, पण तिच्याहून मोठी अडचण विचारणाऱ्याची आहे.

महाराष्ट्रात लैंगिक माहितीच्या गरजेची मोजणी कुठल्या रुग्णालयानं केली नाही, टपालानं केली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं आणि वाचक पत्रांतून प्रश्न विचारू लागले. कर्वे छापील उत्तरं देत. त्या उत्तरांपायी खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांनी मासिक मरेपर्यंत चालवलं. माणसाला तोंड दाखवावं लागत नाही आणि उत्तर देणारा हसत नाही, एवढी खात्री झाली की गरज किती आहे हे आपोआप कळतं. शास्त्रातही हेच आहे: १९७६ साली जॅक अ‍ॅनन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लैंगिक सल्ल्याच्या चार पायऱ्या मांडल्या. त्यातली पहिली पायरी ‘परवानगी’ आहे, माहिती दुसरी. आपण पहिली वगळून दुसरीची मोजदाद करायला निघतो.

आपल्याकडे कागद भरतो कोण, तेही बघा. अकोल्याला, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाच्या रुग्णालयात, नाहीतर अंबा एक्स्प्रेसनं मुंबईच्या टाटा रुग्णालयात, कुठेही जा, बाईसोबत सून असते नाहीतर मुलगा. मुंबईत उतरल्यावर दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा. तिथेही सोबतीला तेच. बाईला वाचता येत नसेल तर फॉर्म वाचून दाखवणार तीच सून. सुनेनं सासूला विचारायचं, की गेल्या महिन्यात इच्छा किती झाली! मग खूण कुठे पडेल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. म्हणून माझा आग्रह आहे: हा एक भाग नातेवाइकाला बाहेर बसवून, परिचारिकेनं, तोंडी विचारावा. विचारण्याची रीत अशी हवी (बाया रेडिएशनला शेक म्हणतात): ‘मावशी, शेक घेतल्यावर पुष्कळ बायांना नवऱ्याजवळ जायला भेव वाटते, दुखते. तुमाले काही विचाराचं हाय काय?’ आधी ‘पुष्कळ बायांना’ म्हणा, मग ‘तुमाले’.

आणि उत्तर हाताशी ठेवा. नुसतं मोजून कागद फायलीत लावणं हे माझ्या मते वाईट आहे. झाकलेलं उघडायचं आणि तसंच टाकून निघून जायचं. विचारले जाणारे प्रश्न फार नसतात. माझ्यामुळे नवऱ्याला कॅन्सर लागेल का? नाही. एचपीव्ही हा विषाणू संबंधांतून पसरतो, रोग पसरत नाही. आणि त्या विषाणूची लागण आयुष्यात कधीतरी बहुतेकांना होऊन जाते, त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करू नये. बाहेरून दिलेला शेक अंगात उरतो का? उरत नाही. दुखतं का? ओटीपोटाच्या शेकानंतर योनिमार्ग कोरडा आणि अरुंद होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मार्ग मोकळा ठेवणारं डायलेटर आणि पाण्यावर आधारलेलं वंगण वापरायचं असतं. हे आधी कुणी सांगितलं नाही तर बाई समजते, नवऱ्याचं मन उडालं. नवरा समजतो, हिला मी नकोसा झालो. दोघंही एकमेकांना जपण्यासाठी वेगळे झोपतात. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंड आवळलेला, जबडा काढलेला पुरुषही याच रांगेत आहे, पण त्याला तर गिळता येतं का याच्यापुढे कुणी विचारत नाही.

वेळेचं एक राहिलं. निदानाच्या आठवड्यात माणसाला फक्त जगायचं असतं. तेव्हा विचारलं तर गरज शून्य येते, सहा महिन्यांनी तीच गरज वर येते. म्हणून एकदा मोजून भागत नाही. पण काही माहिती अशी आहे, की तिची गरज वाटण्याची वाट पाहता येत नाही. अंडकोषाच्या कर्करोगाचा बावीस वर्षांचा पोरगा, बाप शेजारी बसलेला. लग्न, मुलंबाळं हा विषय त्या खोलीत कुणीच काढत नाही. केमोनं बीज कायमचं जाऊ शकतं. ते गोठवून ठेवायचं तर पहिल्या सलाइनच्या आधी. त्यानं फॉर्मवर ‘गरज नाही’ लिहिलं तरी त्याला हे त्याच दिवशी सांगावं लागतं, बापाला बाहेर चहाला पाठवून.