सावली नसलेला डोंगर

'डोळ्यांनी पाहिलं' म्हटलं की आपल्याकडे वाद मिटतो. पण डोळे धड असूनही समोरचा डोंगर दिसू नये, असं होऊ शकतं?

१९७७ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून दक्षिण ध्रुवप्रदेशावर जेट विमानांच्या सहली सुरू झाल्या. बर्फावर उतरायचं नाही. खिडकीतून पाहायचं आणि रात्री घरी. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं डीसी-१० विमान एरेबस पर्वतावर आदळलं. २५७ माणसं होती. कुणीही वाचलं नाही.

धुकं नव्हतं. प्रवाशांच्या कॅमेऱ्यांत निघालेली शेवटची छायाचित्रं स्वच्छ आहेत. पण वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ; सावली नाही म्हणून चढ कळत नाही. वैमानिकांना वाटलं, आपण सपाट खाडीवर आहोत. आधी त्यांना मार्ग तसाच दाखवला होता. उड्डाणाच्या काही तास आधी संगणकातले आकडे बदलले, मार्ग पर्वतावरून गेला, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पहिल्या अहवालानं वैमानिकांकडे बोट दाखवलं. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर मेहन यांच्या आयोगानं त्यांना निर्दोष ठरवलं. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती २०१९ मध्ये, चाळीस वर्षांनी.

बर्फाला कपट ठाऊक नसतं. माणसाचं सांगायचं राहून गेलं. आपल्या रोजच्या कामातही एखादा आकडा बदलतो. समोरच्याला तेवढं सांगायला असा कितीसा वेळ लागतो?