क्लबांतील स्पर्धा आणि नवा सभासद

गोल्फच्या क्लबांत नुकत्याच दाखल झालेल्या सभासदाची स्थिति नव्या सुनेसारखी असते. घर आपलें झालेलें असतें, पण फडताळांतील कोणत्या डब्यांत काय आहे हें ठाऊक नसतें. दोन मित्रांबरोबर तो मैदानावर हिंडतो, शिक्षकाकडून फटके शिकतो. परंतु सूचनाफलकावर मासिक स्पर्धेचा कागद लागला कीं त्यावर नांव लिहावयास त्याचा हात धजत नाहीं. ‘आधीं खेळ सुधारूं द्या, मग पाहूं,’ असें म्हणतां म्हणतां वर्ष उलटतें. आपल्या नागपुरासारख्या शहरांत गोल्फ खेळणारी मंडळी थोडी व परस्परांना ओळखणारी. त्यामुळें हा संकोच अधिकच वाटतो. तो कां अनाठायीं आहे, आणि खरी काळजी कोठें घ्यावयाची, हें आज सांगावयाचें आहे.

हा खेळ आपल्या देशांत जुना आहे. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्यास १८२९ सालीं निघाला. मुंबईचा १८४२ सालीं. पुढें छावण्या आणि साहेबी क्लब यांच्याबरोबर हा खेळ पसरला. मध्यप्रांताचे अधिकारी उन्हाळ्यांत पचमढीस जात, तेथेंहि गोल्फचें मैदान होतें. त्या काळीं अशा क्लबांचीं दारें आपल्या लोकांस बहुधा बंद असत. आतां दारें उघडीं आहेत. राहिला तो मनाचा अडसर.

लहानपणीं खेळांत धाकट्या भावास ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेत असत. तो धांवे, पण त्याचा डाव धरला जात नसे. स्पर्धेंत आपली तीच गत होईल, असें नव्या सभासदास वाटतें. तसें घडूं नये म्हणूनच ‘हँडिकॅप’ची योजना आहे. बुद्धिबळांत निष्णात खेळाडू आपला एक हत्ती काढून ठेवतो, त्याच जातीची ही सवलत. मात्र येथें ती मोजून दिलेली असते. समजा, अठरा होलांस उत्तम खेळाडूला ७२ फटके पुरावेत अशी अपेक्षा आहे; या आंकड्यास ‘पार’ म्हणतात. जुन्या सभासदाचा हँडिकॅप ६ आणि तुमचा २४. त्यांना ८२ फटके लागले, तुम्हांला ९८. वजाबाकी केली कीं त्यांचे ७६ उरतात, तुमचे ७४; आणि करंडक तुमच्या घरीं येतो. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप-पद्धति सुरू झाली असून तींत स्त्रीपुरुष दोघांसहि ५४ पर्यंत हँडिकॅप मिळूं शकतो. तेव्हां ‘माझा खेळ स्पर्धेच्या योग्यतेचा नाहीं’ हें म्हणणें गणितास धरून नाहीं.

तरीहि एखाद्या होलवर चेंडू झुडपांत शिरून दहाबारा फटके वायां जाण्याची भीति उरते. अशांनीं आरंभ ‘स्टेबलफर्ड’ स्पर्धेपासून करावा. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धति १९३२ सालीं इंग्लंडांतील वॉलसी क्लबांत अमलांत आली. हिच्यांत प्रत्येक होलास गुण देतात: सवलत धरून पारइतके फटके लागले तर दोन, एक अधिक लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन फटके जादा झाले कीं शून्य. मग चेंडू उचलावा आणि हंसतमुखानें पुढें चालूं लागावें.

स्पर्धेचा खेळ आणि मित्रांतला खेळ यांत एक भेद लक्षांत ठेवावा. मित्र मित्रास ‘असूं द्या, गेलाच समजा’ म्हणून वीतभर अंतराचा शेवटचा फटका सोडून देतो. एकूण फटके मोजण्याच्या स्पर्धेंत हें औदार्य चालत नाहीं. चेंडू खळग्यांत पडलाच पाहिजे, नाहींतर पुढचा होल सुरू करतांच खेळाडू बाद होतो. हरवलेला चेंडू शोधावयास पूर्वीं पांच मिनिटें मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. पावसाळ्यांत आपल्या काळ्या मातींत चेंडू स्वतःच्याच आघातानें रुतून बसला, तर तो बहुतेक ठिकाणीं दंडाशिवाय काढून घेतां येतो. कोणता फटका मारूं असें प्रतिस्पर्ध्यास विचारणें दंडास पात्र आहे. नियम विचारण्यास मात्र मुळींच हरकत नाहीं. संशय फिटला नाहीं तर तसें सोबत्यांस सांगून दोन चेंडूंनीं तो होल पुरा करावा आणि कार्ड देण्यापूर्वीं समितीचा निर्णय घ्यावा.

चाल जलद ठेवावी. वैशाखांत पहाटे खेळावयास निघालेले शेवटचे चौघे पुढच्यांच्या रेंगाळण्यामुळें दहाच्या उन्हांत सांपडले, तर तुमचे चुकलेले फटके ते विसरतील, पण तुमचें रेंगाळणें विसरणार नाहींत. कॅडीशींहि अदबीनें बोलावें. मैदानाची खोड त्याला तुमच्याहून अधिक ठाऊक असते. दिल्लीस कॅडीचें काम केलेले अली शेर हे १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय धंदेवाईक खेळाडू ठरले.

सर्वांत जपावयाची वस्तु म्हणजे कार्ड. तुमचे फटके सोबती लिहितो, आणि शेवटीं दोघांच्या सह्या होतात. प्रत्येक होलच्या आंकड्याची जबाबदारी खेळाडूची. खऱ्याहून कमी लिहिला गेला तर खेळाडू बाद. अधिक लिहिला गेला तर तोच कायम. १९६८ सालीं अमेरिकेंतील मास्टर्स स्पर्धेंत अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे व्हिसेंझो यांनीं सतराव्या होलवर तीन फटके घेतले. सोबत्यानें चार लिहिले, आणि त्याच कार्डावर यांची सही झाली. त्या एका आंकड्यानें बरोबरी हुकली आणि विजेतेपद बॉब गोल्बी यांस गेलें.

पण नजरचुकीहून मोठी गोष्ट दानतीची. गोल्फमध्यें बहुधा पंच जवळ नसतो. झाडीआड चेंडू किंचित् हलला, हें एकट्या तुम्हांलाच दिसतें. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत बॉबी जोन्स यांनीं चेंडू हलला म्हणून स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. पुढें बरोबरी झाली आणि फेरलढतींत ते हरले. हँडिकॅपलाहि हेंच लागू. एरवीं मुद्दाम वाईट खेळून तो फुगवीत ठेवायचा आणि स्पर्धेच्या दिवशीं करंडक उचलायचा, ही युक्ति कांहींना सुचते. सवलत ही इतरांनीं तुमच्या शब्दावर दिलेली उसनवारी आहे. तिचा हिशेब खोटा ठेवणें ही चोरीच. नव्या सभासदाचा खेळ कच्चा असणार हें सर्वांनीं धरलेलेंच असतें. त्याचें कार्ड खरें आहे कीं नाहीं, हें मात्र पहिल्या दोनतीन स्पर्धांत क्लबास कळून चुकतें, आणि मग तें मत सहसा बदलत नाहीं.

म्हणून पुढच्या महिन्याचा कागद लागेल तेव्हां नांव लिहावें. दोन पेन्सिली, पुरेसे चेंडू व पाणी बरोबर घ्यावें; वेळेच्या दहा मिनिटें आधीं पहिल्या टीवर हजर राहावें. खेळ संपल्यावर हस्तांदोलन करावें, आंकडे एकमेकांस वाचून दाखवावे आणि मगच सही करावी. शेवटून पहिला नंबर आला, तरी पुढच्या स्पर्धेस कोणीतरी आपण होऊन तुमच्या जोडीस खेळावयास येईल.