शिक्षणाबरोबर कमाई



मानसशास्त्र शिकून पोट भरेल काय, असे पालक विचारतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून अभ्यासाला पगारी कामाची जोड दिली आहे. आज तेथे मानसशास्त्राचे विद्यार्थीही साधारण चार महिने वर्गात, चार महिने नोकरीत, अशा पाळीने सुमारे पाच वर्षांत पदवी घेऊ शकतात. मात्र ही नोकरी आयती मिळत नाही. अर्ज करून मुलाखत द्यावी लागते. त्या पगारात परदेशी विद्यार्थ्याची सारी फी भागेल, असे धरून कर्ज काढू नका. शिवाय नुसत्या पदवीवर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. पुढे शिकावे लागते. मुलाची वा मुलीची खरी आवड असेल तर अडवू नका. पण सर्व वर्षांचा हिशेब आधी मांडा.