मुंबईतली इंटर्नशिप : माझा पहिला दीड महिना कुठे गेला

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, फक्त माझे ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)

गेल्या भागानंतर जे मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच प्रकारचे होते. ‘ताई, आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिपसाठी मुंबईला चाललोय, काय तयारी करू?’ कुणी जळगावहून, कुणी नांदेडहून, एक मुलगी तर चक्क माझ्याच तालुक्यातली. तर आज दुसरं काही नाही, माझीच गोष्ट सांगते. त्यात माझी फजिती बरीच आहे, पण तुमच्या उपयोगाची तीच आहे.

जानेवारी २०१९. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं शेवटचं सेमिस्टर. लातूर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरले तेव्हा बॅगेत एक पाकीट होतं, त्यात पंचवीस हजार रुपये. पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. नवीन वाइंडिंग मशीनसाठी ते पैसे बाजूला ठेवले होते, ते मला दिले. बोलले काहीच नाहीत, फक्त ‘जपून’ म्हणाले. त्यामुळे ते पाकीट माझ्या डोक्यावर सहा महिने बसलेलं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

राहायला डोंबिवलीला, आत्याकडे. ऑफिस अंधेरी पूर्वेला. म्हणजे डोंबिवलीहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, मग दहा मिनिटं चालत. जायला दीड तास, यायला दीड तास. पहिला आठवडा मी लेडीज डब्यात घाटकोपरपर्यंत उभीच. एके दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘नवीन आहेस का गं?’ म्हटलं, हो. ‘मग विचार ना कोण कुठे उतरणार ते! नुसती उभी राहिलीस तर कोण देणार तुला जागा?’ तुम्हाला माहीत असेल, लोकलमध्ये बसलेल्या बाईला विचारायचं, ‘कुठे उतरणार?’ ती म्हणाली ‘ठाणे’, की ती सीट तुमची. मग दुसरं कुणी तिथे बसत नाही. मला हे विचारणंच भारी अवघड वाटायचं. आपल्याकडे एस.टी.त रुमाल टाकतात, विचारत नाहीत.

आणि ऑफिसात माझं अगदी हेच चाललं होतं.

कंपनी छोटी, वीस-बावीस माणसं. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करणारी. पहिल्या दिवशी मला लॉगिन मिळालं आणि ‘डॉक्युमेंटेशन वाचून घे’ असं सांगितलं. मी वाचलं. चार दिवसांत संपलं. परत वाचलं. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, माझ्या तोंडून काही ‘सर’ जाईना. दोन दिवसांआड मी माझ्या मेंटॉरच्या टेबलाशी जायचे आणि विचारायचे, ‘सर, काही काम आहे का?’ ते म्हणायचे, ‘हो हो, देतो.’ आणि मी जागेवर येऊन बसायचे. कॉलेजची एक साप्ताहिक डायरी भरावी लागते, मेंटॉरच्या सहीची. त्यात मी सहा आठवडे काय लिहिलं असेल? ‘प्रकल्पाच्या कागदपत्रांचा अभ्यास केला.’ शब्द फिरवून फिरवून तेच.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजच्या गाइड सरांचा फोन आला, मध्यावधी आढाव्यासाठी. मेंटॉरनी फोन स्पीकरवर ठेवला, मी समोर बसलेली. सरांनी विचारलं, कशी आहे मुलगी? ‘चांगली आहे. शांत आहे, वेळेवर येते.’ सर म्हणाले, ‘काम काय करते?’ मेंटॉर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. त्यांना खरंच काही आठवेना हो, आणि त्यांची तरी काय चूक, आठवण्यासारखं काही नव्हतंच.

त्या रात्री घाटकोपर स्टेशनवर मी दोन गाड्या सोडल्या. चढावंसं वाटेना. पाकिटातले तेरा हजार संपले होते.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण मला ते फार उशिरा कळलं. ‘काही काम आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. तो ऐकायला नम्र वाटतो, पण खरं तर समोरच्याला आणखी एक काम देतो : आता या मुलीसाठी काम शोधा. तो माणूस आधीच गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याला सोपं काय जाईल? ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे, असं काहीतरी. म्हणून दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ‘बुधवारी तुम्ही भिवंडीला क्लायंटकडे जाताय, मी आले तर चालेल का? नोंदी मी घेते.’ ते म्हणाले, ‘चल.’ सहा आठवड्यांत जे झालं नाही ते एका वाक्यात झालं.

भिवंडी म्हणजे गोडाऊनच गोडाऊन, ट्रकच्या रांगा. त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एक कारकून काका बसलेले. आमच्या सॉफ्टवेअरमधून बिल्टी छापायचे आणि पेनाने त्यावर माल घेणाऱ्याचं नाव आणि गाव परत लिहायचे. प्रत्येक बिल्टीवर. मेंटॉर मालकाशी बोलत होते, तोवर मी काकांना विचारलं, ‘छापलेलं आहे ना, मग परत का लिहिता?’ ते म्हणाले, ‘ताई, तुमच्या मशीनला मराठी येत नाही.’

कागद हातात घेतला. गाव होतं किल्लारी, १९९३ च्या भूकंपाचं, आमच्याच जिल्ह्यातलं. आणि छापलेलं काय? पहिली वेलांटी ‘क’च्या आधी असायला हवी, ती पुढे जाऊन बसलेली. ‘ल्ल’ जोडलेलाच नाही, एक पाय मोडका ल आणि शेजारी दुसरा ल. ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं म्हणून काका हाताने लिहायचे. रोजच्या शंभरेक बिल्ट्या, वर्षभर. त्यांनी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना वाटलं कॉम्प्युटरमध्ये मराठी असंच येतं. आणि आमच्या टीममध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तपासणाऱ्या दोघांनाही मराठी वाचता येत नव्हतं. स्क्रीनवर नीट दिसायचं, बिघडायचं ते पीडीएफमध्ये.

थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ येतो, मग वेलांटी. ती वेलांटी उचलून डावीकडे मांडणं, जोडाक्षरं जोडणं हे काम वेगळं असतं, त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझर ते आपोआप करतो. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररी करत नाहीत, त्या साठवलेल्या क्रमाने एकेक तुकडा ठेवून मोकळ्या होतात. हार्फबझ नावाचं मोफत, खुलं इंजिन आहे, ते हे काम करतं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, बरं का. तीन आठवडे लागले. मेंटॉरनी फक्त दिशा दाखवली. शेवटी आमच्या छपाईत ते बसवलं आणि मी शंभर गावांच्या नावांची यादी करून तपासली : श्रीगोंदा, त्र्यंबकेश्वर, अर्धापूर, जिथे जिथे रफार आणि जोडाक्षर आहे ती सगळी गावं. पुढे पुण्यात नोकरीच्या मुलाखतीत अर्धा तास याच्यावरच गेला.

भिवंडीहून आल्यावर मी डायरीची पद्धत बदलली. कॉलेजची ती डायरी राहू दे, स्वतःची एक साधी वही. रोज दोन ओळी : आज काय बघितलं, आणि उद्या नेमकं कुणाला काय विचारायचं. परतीच्या लोकलमध्ये लिहायचे, सीट मिळाली तर. एव्हाना ‘कुठे उतरणार?’ म्हणायला शिकले होते.

राहण्याबद्दल सगळे विचारतात. मार्चमध्ये मी मरोळला कॉट बेसिसवर गेले. महिना साडेसात हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. आत्याला वाईट वाटलं, पण रोजचे दोन-अडीच तास वाचले. नातेवाइकांकडे राहणं स्वस्त पडतं, पण फुकट पडत नाही. प्रवासाचा थकवा, आणि कुणाच्या घरी रात्री दहाला ताट वाढून घेण्याचा संकोच. जमत असेल तर पहिला महिना नातेवाइकांकडे काढा आणि तेवढ्यात ऑफिसजवळची जागा स्वतः बघून ठरवा. फोटो बघून डिपॉझिट भरू नका.

शनिवार-रविवारचं थोडक्यात सांगते. मी सगळी मुंबई बघितली नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात बाल्कनीचं तिकीट काढून नाटकं बघितली. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिथे तिकीट नसतं, पंखाही चांगला असतो. एवढं पुरे झालं मला.

आता पैसे. स्टायपेंड महिना आठ हजार, असं मला फोनवर सांगितलं होतं. कागदावर काहीच नाही. मी मागितलंही नाही, वाटलं मागितलं तर इंटर्नशिप जाईल. तुम्ही मात्र रुजू होण्याआधी एक ईमेल टाका : स्टायपेंड किती, कोणत्या तारखेला, कधीपासून कधीपर्यंत, मेंटॉर कोण, शेवटी प्रमाणपत्र कोण देणार. चार ओळी. उत्तर आलं की तुमच्याकडे लेखी राहतं. उत्तर टाळलं, तर तेही आधीच कळतं. आणि कुणी इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडूनच फी मागत असेल, तर तिथे जाऊ नका, एवढंच सांगेन.

माझे पहिले चार महिन्यांचे पैसे वेळेवर आले. मेंटॉरनी मे महिन्यात नोकरी सोडली. सुदैवाने प्रमाणपत्र मी त्यांच्याकडून आदल्या आठवड्यातच लिहून घेतलं होतं, बिल्टीच्या कामाचा उल्लेख करून. पण मे आणि जूनचं स्टायपेंड अडकलं. मी चार ईमेल केले. मेचे पैसे ऑगस्टमध्ये आले, ते तसेच पप्पांच्या खात्यात टाकले. जूनचे आजपर्यंत आलेले नाहीत.

तुमच्याकडे असं काही अडकलं असेल तर मला लिहा. पुढच्या भागात स्टायपेंडच्या ईमेलचा मराठी आणि इंग्रजी नमुना वाचून दाखवते. चला, भेटू.