बाराशेच्या आतला दाखला



साहित्य संमेलनाचा स्वागताध्यक्ष म्हणजे मांडव, आचारी आणि वर्गणी, असं आमच्या समितीतल्या पोरांनी मला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलंय. भाषण हे वरकड काम. तरीही पाटण तालुक्यात उभं राहून बोलायचं आणि बाळासाहेब देसाईंचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणारं नाही. समोर देसाई गटाची माणसं आहेत, पाटणकर गटाचीही आहेत, आणि आज चक्क एकाच सतरंजीवर आहेत. तेव्हा मी राजकारण बोलणार नाही. एका कागदाविषयी बोलणार आहे.

पण कागदाच्या आधी मुलूख बघू. कराडहून येताना कोयना तुमच्या सोबतीला होती. महाबळेश्वरला उगवलेली ही नदी दक्षिणेकडं उतरते, हेळवाकला पूर्वेकडं वळते, वाटेत केरा, मोरणा यांना पोटात घेते आणि कराडला कृष्णेला मिळते. आज नकाशावर हे सोपं दिसतं. माझ्या लहानपणी पावसाळ्याचे चार महिने कित्येक वाड्या जगापासून तुटलेल्या असायच्या. डोंगरउतारावर नाचणी, वरी, खाली मिळालंच तर भात, आणि घरातला एक माणूस मुंबईला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, हा काही योगायोग नाही. आमचा तालुका पाठीवर पोती वाहून जगत होता.

अशा तालुक्यात १० मार्च १९१० ला दौलतराव श्रीपतराव देसाई, म्हणजे आपले बाळासाहेब, जन्मले. कराड, कोल्हापूर करत वकील झाले, जिल्हा लोकल बोर्डात गेले, १९५२ पासून आमदार. पुढं बांधकाम, शिक्षण, शेती, गृह, महसूल अशी खाती सांभाळली, १९७७-७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष झाले. ही यादी गौरव अंकात छापली आहे, म्हणून इथं भरभर सांगून टाकली. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभं राहिलं, त्यामागंही शिक्षणमंत्री म्हणून त्यांची खटपट होती. त्यांनी उभा केलेला मरळीचा साखर कारखाना तर सगळ्यांना ठाऊकच आहे. पण मला विचाराल तर कारखान्यापेक्षा मोठं काम त्या कागदानं केलं.

तो कागद म्हणजे ई.बी.सी.चा, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी बाळासाहेबांनी आणलेल्या फी सवलतीचा फॉर्म. ज्या पालकाचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत, त्याच्या मुलाला फी माफ व्हायची. जात विचारली नाही, उत्पन्न विचारलं. हेडमास्तरांनी मला घरी पाठवलं, तलाठ्याचा दाखला आण म्हणाले. मी वडिलांना सांगितलं. ते बैलाच्या खुराला तेल लावत होते. म्हणाले, "बाराशेच्या आत म्हंजे? मला कुणी बाराशे देत असंल तर मी शाळाच इकत घेतो की!" मग दोन हेलपाटे झाले, कारण पहिल्या दिवशी तलाठी दुसऱ्या गावाला गेलेले. दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला. वडिलांनी तो मुंडाशाच्या घडीत ठेवला आणि उन्हातून सहा मैल चालत आणला. घामानं शाई पसरली होती. दाखल्यावरच्या उत्पन्नाच्या साडेतीनशेतला तिनाचा आकडा आठासारखा दिसत होता. हेडमास्तरांनी चष्मा वर करून कागदाकडं पाहिलं, मग वडिलांच्या पायांकडं पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला. वडिलांना वाचता येत नव्हतं. तो कागद मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, प्रसाद धरावा तसा.

या मांडवात साठीच्या पुढचे जे शिक्षक, कारकून, डॉक्टर, फौजदार बसलेत, त्यातल्या निम्म्यांच्या घरी असा कागद आला असेल. त्या कागदावर बाळासाहेबांचं नाव नव्हतं. मला ते फार आवडतं. हल्ली पाण्याच्या टाकीवरही फोटो असतो.

बाळासाहेबांची दुसरी आठवण कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आधी जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज आला, मग फळीवरची पितळेची भांडी एकदम खाली आली. आईनं मला केसाला धरून बाहेर ओढलं. अंगणात उभे राहिलो आणि आमची दगड-मातीची मागची भिंत समोर बसली. पडली नाही, बसली, म्हातारं माणूस बसावं तशी. कोयनानगरला तर हाहाकार होता. खोऱ्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री बाळासाहेबच होते. कोणत्या वाडीला कुठून पायवाट जाते, हे त्यांना कुणी नकाशावर दाखवायची गरज नव्हती.

आता थोडं कडू बोलतो, पाहुणे माफ करतील. कोयनेची वीज महाराष्ट्रभर गेली, १,९६० मेगावॉट. आमचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडं उतरतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गावं गेली, माणसं पार परजिल्ह्यात फेकली गेली, आणि वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन उतरतात. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आमच्यासाठीच जन्मली असावी. एवढा मोठा नेता असूनही हे सुटलं नाही. बाळासाहेब २३ एप्रिल १९८३ ला गेले, त्यालाही आता चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा सगळा दोष त्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. धरणग्रस्तांवर एखादी धडधाकट कादंबरी लिहा, ही मागणी मी लेखक मंडळींपुढं ठेवतो. सामग्री भरपूर आहे. ऐकायला वाडीवर राहावं लागेल, आणि रेंज नाही.

सूचना अशा. जेवण शाळेच्या मागच्या पटांगणात, साडेबारापासून. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा. खर्डा जपून घ्या, मुंबईच्या पाहुण्यांनी तर लांबूनच नमस्कार करा. उद्या पहाटे साडेपाचला दातेगडाची जीप चौकातून सुटेल. तिथली खडकात खोदलेली विहीर बघायची असेल तर चपला नको, बूट घाला. ग्रंथदालनाच्या दारात काचेखाली एक जुना, डाग पडलेला ई.बी.सी.चा फॉर्म ठेवलाय. तो वडिलांचा आहे. हात लावला तरी चालेल, काच पुसायला पोरगा बसवलाय.