गाणं सगळ्यांचं, पण नाव कुणाचं?

(किनवट येथे महिला गटांच्या गाण्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण गातोय. बोधडीच्या बायकांनी दारूबंदीचं गाणं म्हटलं. मांडवीकडच्या बहिणींनी गोरमाटीत तीजेची गाणी म्हटली, इस्लापूरच्या पोरींनी गोंडीतली. मी मागं बसून वहीत टिपत होते. सतरा गाणी झाली आणि रचणारीचं नाव माझ्या वहीत एकही नाही. शेजारच्या ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाव काय विचारतेस? गाणं आपलंच आहे."

हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं आहे. त्याची किंमतही मोजली आहे. म्हणून आज गाण्याच्या हक्काबद्दल बोलणार आहे. गाणं रचणाऱ्या बाईनं रेकॉर्डिंग करणाऱ्याला ते कसं द्यावं, काय द्यावं आणि काय देऊ नये, हा आजचा विषय.

आधी माझी गोष्ट सांगते. साक्षरता अभियानात मी कलापथकात होते. तेव्हा १९९३ साली हापशावर पाण्याला उभं राहता राहता मी एक गाणं रचलं. शब्द माझे, चालही माझीच. तुमच्यातल्या पुष्कळजणींना ते पाठ आहे. २०१५ साली एका स्टुडिओवाल्यानं निरोप पाठवला, की एक चांगली गायिका हे गाणं म्हणणार आहे. मला आनंद झाला. पंधराशे रुपये आणि एक साडी मिळाली. शंभराच्या स्टॅम्पवर सही केली. कागद इंग्रजीत होता. वाचून दाखवा म्हणायची मला लाज वाटली. प्रत मागायची असते हेही ठाऊक नव्हतं. सभेत उभं राहून तहसीलदाराला जाब विचारणारी मी, पण तिथं मान खाली घालून सही केली.

पुढं २०२२ च्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपल्या गटानं तेच गाणं म्हटलं. माझ्या भाचीनं मोबाईलवर शूटिंग करून यूट्यूबवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. "मावशी, हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे अशी सूचना आलीय." मी माझंच गाणं म्हटलं होतं आणि ते माझं नव्हतं! स्टुडिओवाल्याचा मूळ व्हिडिओ पाहिला, तर गायिकेचं नाव होतं, संगीतकार म्हणून स्टुडिओवाल्याचं होतं, आणि शब्दांच्या पुढं लिहिलं होतं 'पारंपरिक'.

पैशापेक्षा मला तो 'पारंपरिक' शब्द जास्त लागला. जिवंत बाईला परंपरेत ढकलून दिलं, की तिला विचारावं लागत नाही आणि तिला काही द्यावंही लागत नाही.

मग एका वकीलताईंकडं गेले. त्यांनी जे समजावलं, ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द रचणारीचे, चाल बांधणारीची, आणि रेकॉर्डिंग ज्यानं खर्च करून केलं त्याचं. गायिकेचे तिच्या आवाजापुरते हक्क असतात, ते निराळे. रेकॉर्डिंग दुसऱ्याचं झालं म्हणून शब्द आणि चाल आपोआप त्याच्या होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं रचना लिहिली किंवा रेकॉर्ड केली, की हक्क तिथंच जन्माला येतो. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुराव्याला बळ येतं, आणि शब्दांसाठी किंवा चालीसाठी तिची फी प्रत्येकी पाचशे रुपये आहे. हा हक्क रचणारीच्या हयातीत आणि तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे आपल्या लेकींना, नातींनाही तो मिळतो.

आता मुख्य गोष्ट. गाणं देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. शेत विकलं तर खरेदीखत होतं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर जातो. शेत बटईनं किंवा ठोक्यानं दिलं, तर दुसरा कसतो, पीक काढतो, मुदत संपली की शेत आपल्याकडं येतं. सातबारा आपल्याच नावावर असतो. गाण्याचंही असंच आहे. हक्कांचं हस्तांतरण म्हणजे खरेदीखत. परवाना म्हणजे बटई. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण किती झगडलो! आणि स्वतःच्या गाण्याचं खरेदीखत मात्र न वाचता करून देतो. गायिकेला, स्टुडिओला, कंपनीला गाणं हवं असेल तर परवाना द्या, हक्क विकू नका. तेवढ्यानं त्यांचं रेकॉर्डिंग अडत नाही.

परवाना लेखीच द्यावा. त्यात गाणं कोणतं, कशासाठी दिलं, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे आलंच पाहिजे. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. घेणाऱ्यानं वर्षभरात गाणं वापरलंच नाही, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसलं, तर त्यानं न वापरलेला हक्क संपतो. माझ्या कागदात मात्र 'कायमचे' आणि 'जगभर' असे दोन्ही शब्द होते. इंग्रजीत होते म्हणून मला दिसले नाहीत.

तरीही सगळं गेलं नव्हतं. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांनी त्यासाठी बराच काळ आवाज उठवला होता, जावेद अख्तर राज्यसभेत त्यावर बोलले होते. या दुरुस्तीनं असं ठरलं, की रचनेचे हक्क लिहून दिले तरी त्या गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क जात नाही. हा वाटा कुणाला सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बस. त्याविरुद्ध कागदावर काही लिहून घेतलं असेल तर ते कलम टिकत नाही. आणि नावाचा हक्क तर त्याहून जुना आहे. गाणं विकलं तरी 'हे मी रचलं' असं म्हणण्याचा आणि नाव बदनाम होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क रचणारीकडंच राहतो.

या दोन गोष्टींच्या आधारावर आम्ही पत्र पाठवलं. सोबत १९९३ ची वही आणि कलापथकातल्या दोन मैत्रिणींची लेखी साक्ष जोडली. स्टुडिओवाला आधी हसला म्हणे. मग वकीलताईंनी त्याला कळवलं, की या कायद्याखाली रचणारीला ती राहते त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, तिला मुंबईला जावं लागत नाही. दोन महिन्यांनी 'पारंपरिक' गेलं आणि माझं नाव आलं. भाचीच्या व्हिडिओवरची हरकतही उठली. पैशाचा हिशेब अजून आलेला नाही. तो मागणं चालू आहे.

आता काही बारीक गोष्टी, कारण आपल्या गाण्यांत त्या हमखास येतात.

जात्यावरची जुनी ओवी कुणा एकीची नाही. पण ओवीच्या चालीवर तुम्ही नवे शब्द रचले, तर ते शब्द तुमचे आहेत. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले असतील तर शब्द तुमचे, चाल दुसऱ्याची. मोर्चात म्हटलं तर कुणी अडवत नाही, पण रेकॉर्ड करताना चालवाल्याची परवानगी लागेल. म्हणून रेकॉर्डिंगला द्यायचं गाणं शक्यतो आपल्याच चालीत बांधा.

चौघींनी बसून गाणं रचलं तर चौघींची नावं आणि चौघींच्या सह्या हव्यात. एकीनं परस्पर परवानगी देऊ नये.

पहिलं रेकॉर्डिंग कुणी करायचं हे तुमच्या हातात आहे, म्हणून ते विचार करून द्या. एकदा तुमच्या संमतीनं रेकॉर्डिंग झालं, की ते वर्ष सोडून पुढची पाच वर्षं गेल्यावर दुसऱ्या कुणालाही आगाऊ नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून नव्या आवाजात ते करता येतं. २०१२ पूर्वी ही मुदत दोनच वर्षांची होती.

रेडिओ, टीव्ही, हॉटेलं आणि इंटरनेट यांच्याकडून रॉयल्टी गोळा करून गीतकार-संगीतकारांना वाटणारी संस्था आहे, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ती १९६९ पासून आहे आणि २०१७ साली तिची पुन्हा कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी झाली. गाणं खरोखरच गाजू लागलं तर तिचं सभासद होता येतं. मात्र सभासद होताना काही हक्क संस्थेकडं सोपवावे लागतात. तोही कागद वाचूनच सही करा.

आता आपल्या घरातलं. स्टुडिओवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण चळवळीतल्या गाण्यांच्या पुस्तिका आपणच छापल्या. त्यातल्या किती गाण्यांखाली नाव आहे? पुरुष शाहिराचं नाव बहुधा असतं. बाईच्या गाण्याखाली 'सामूहिक' किंवा 'लोकगीत' लिहिलेलं असतं. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी शेकडो गायकांनी गायली. त्यांनी पुष्कळ गाण्यांत स्वतःचं नाव गुंफलं होतं. निरक्षर माणूसही ऐकून सांगू शकत होता, की हे वामनचं आहे. आपण तेवढंही केलं नाही. आणखी एक. संस्थेत पगारी नोकरीवर असलेल्या कार्यकर्तीनं त्या कामाचा भाग म्हणून गाणं रचलं, तर वेगळा करार नसताना कायद्यानं त्याची पहिली मालक संस्था होते. म्हणून माझी सगळ्या संस्थांना विनंती आहे. तुमच्या कार्यकर्तीला एक पत्र द्या, की तिची गाणी तिचीच राहतील.

नाव टिकवता येतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या. मुलानं गाणी उतरवून ठेवली होती म्हणून १९५२ साली त्यांच्या नावानं पुस्तक निघालं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. १९९६ साली आपल्या मराठवाड्यात माजलगावला जाऊन भीमाच्या ओव्या रेकॉर्ड झाल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ओव्या सगळ्यांच्या राहिल्या आणि बायाही हरवल्या नाहीत.

काहीजणी विचारतील, "चळवळीचं गाणं विकायचं का?" नाही. सभेत, मोर्च्यात, शिबिरात ते फुकटच गायलं जाईल. हौशी मंडळानं तिकीट न लावता गायलं तर कायदाही हरकत घेत नाही. पण आपल्या गाण्यातून दुसरा कुणी कमावत असेल, तर रचणारीचा वाटा मागणं म्हणजे विकणं नव्हे. रोजगार हमीवर पूर्ण मजुरी मागताना आपण लाजलो नाही, मग इथं का लाजायचं?

जाताना एक नमुना देते. वहीत उतरवून घ्या.

"मी ......, राहणार ......, तालुका किनवट. '......' या गाण्याचे शब्द व चाल माझी आहे. ...... यांना हे गाणे ...... यांच्या आवाजात रेकॉर्ड करून प्रसिद्ध करण्याची परवानगी देत आहे. मुदत तीन वर्षे, प्रदेश भारत. गाण्याचे हक्क माझ्याकडेच राहतील आणि मी इतरांनाही परवानगी देऊ शकेन. गाणे जिथे प्रसिद्ध होईल तिथे 'शब्द व चाल' म्हणून माझे नाव येईल. शब्द बदलायचे असल्यास माझी लेखी संमती लागेल. आगाऊ रुपये ......, आणि उत्पन्नातील माझा वाटा ...... दर सहा महिन्यांनी हिशेबासह मिळेल. महिला गटांनी हे गाणे विनामूल्य गाण्यास व त्याचे चित्रीकरण प्रसिद्ध करण्यास कोणाचीही हरकत राहणार नाही."

खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. दोन प्रती करा, एक आपल्या पेटीत ठेवा. कागद मराठीतच मागा, आणि वाचता येत नसेल तर गटातली लेक सोबत न्या. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं म्हणूनच माझी भाची रडत आली होती.

आता जेवायची वेळ झाली. जेवण झाल्यावर पुन्हा गाऊ. पण यावेळी प्रत्येकीनं गाण्याआधी रचणारीचं नाव आणि गाव सांगायचं. माहीत नसेल तर 'माहीत नाही, शोधू' असं म्हणायचं. मी वही उघडी ठेवून बसते. सकाळच्या सतरा गाण्यांपुढच्या रिकाम्या जागाही आज संध्याकाळपर्यंत भरायच्या आहेत.